मोबाइलनं लिहिलेला गृहपाठ आणि आपली तपासणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही माध्यमिक वर्गांना गणित आणि विज्ञान शिकवता. गेल्या वर्षभरात गृहपाठाची भाषा एकाएकी सुधारली, सगळ्यांची उत्तरं सारखीच गुळगुळीत झाली. ऑनलाइन चाचणीत अर्ध्या वर्गाला नव्वदच्या पुढे गुण पडतात आणि तेच प्रश्न वर्गात वहीवर सोडवायला दिले की पानं कोरी राहतात. एका सहकाऱ्यानं एआयचा मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर वापरून दोन मुलींना 'पकडलं' आहे आणि त्या रडून सांगताहेत की आम्हीच लिहिलं. गुण ॲपवरून थेट पालकांच्या मोबाइलवर जातात, त्यामुळे संध्याकाळी फोन सुरू होतात. त्यानंतरची रात्र वह्या तपासण्यात जाते. अशा वेळी मूल्यमापन करायचं तरी कसं, हे तुम्ही विचारलं आहे.

आधी त्या दोन मुलींबद्दल बोलते, कारण बाकीचं महिनाभर थांबलं तरी चालेल, हे थांबवून चालणार नाही. त्यांच्यावरचा आळ मागे घ्यायला सहकाऱ्याला सांगा. मजकूर माणसानं लिहिला की यंत्रानं, हे नुसत्या मजकुरावरून खात्रीनं सांगता येत नाही. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. ते बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनंच जानेवारी २०२३ मध्ये एआयचा मजकूर ओळखणारं एक साधन काढलं. इंग्रजी मजकुरावरच्या चाचणीत यंत्रानं लिहिलेल्या मजकुरापैकी जेमतेम २६ टक्के त्याला ओळखता आला आणि माणसांनी लिहिलेल्यापैकी ९ टक्के मजकूर त्यानं यंत्राच्या नावावर टाकला. हे आकडे कंपनीनंच दिले होते. अचूकता कमी पडते म्हणून त्याच वर्षी जुलैमध्ये ते साधन बंद झालं. ९ टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण प्रामाणिकपणे लिहिणारी ४० मुलं असतील, तर त्यातल्या तिघा-चौघांवर दर वेळी खोटा ठपका बसणार.

त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त निबंध या साधनांनी यंत्राचे ठरवले. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज किती सहज बांधता येतो, हे ही साधनं प्रामुख्यानं मोजतात. ठरलेले, साधे शब्द वापरून नीटनेटकं लिहिणारा माणूस त्यांना यंत्रासारखा दिसतो. म्हणजे जी मुलगी जपून, शिकवलेल्या चौकटीत, मेहनतीनं लिहिते तीच आधी सापडते. साधनं पुढे सुधारतील, पण ती देणार फक्त शक्यता. मुलावर आरोप करायला शक्यता पुरत नाही.

त्या मुलींशी बोलायचं कसं? एकेकीला बाजूला बसवा. चौकशीचा सूर नको. तिच्याच उत्तरावर गप्पा मारा. समजा भरती-ओहोटीचा प्रश्न होता आणि तिनं लिहिलंय, 'चंद्राच्या गुरुत्वाकर्षणामुळे समुद्राचं पाणी चंद्राच्या दिशेनं ओढलं जातं.' विचारा, "चंद्र तर एकाच बाजूला असतो, मग दिवसातून दोनदा भरती कशी येते?" जिनं स्वतः डोकं चालवलंय ती अडखळेल, पण काहीतरी हाती देईल. "पलीकडच्या बाजूलाही पाणी फुगतं असं चित्रात होतं, पण ते का फुगतं ते मला नाही कळलं," असं म्हणेल. या एका वाक्यात तिला काय समजलंय आणि ते कुठे थांबलंय, दोन्ही आलं. पलीकडच्या पाण्यावरची चंद्राची ओढ पृथ्वीच्या मध्यावरच्या ओढीपेक्षा कमी पडते, ही गोष्ट तिला अजून शिकवायची राहिली आहे, हेही तुम्हाला कळलं. मग विचारा, "आज दुपारी बारा वाजता भरती आली, उद्या कधी येईल?" ती म्हणाली, "बारालाच," तरी हरकत नाही. चंद्रही दरम्यान पुढे सरकतो म्हणून भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, इथवर तिला दोन प्रश्नांत नेता येतं.

जिनं उत्तर नुसतं उतरवून आणलंय ती वहीतलंच वाक्य पुन्हा म्हणते किंवा गप्प बसते. पण गप्प बसणं म्हणजे चोरीची कबुली समजू नका. लाजरी मुलं गप्प बसतात, घाबरलेली तर बसतातच. एवढंच ठरवा की हा भाग हिला पुन्हा शिकवायचा आहे. शिक्षक म्हणून तुम्हाला तेवढंच ठरवायचं असतं.

माझं मुख्य म्हणणं यातच आहे. वर्गातलं मूल्यमापन करायचं ते उद्याच्या तासाला काय शिकवायचं हे ठरवण्यासाठी. त्यासाठी मुलाच्या डोक्यात काय चाललंय याचा पुरावा लागतो. घरून लिहून आणलेलं तयार उत्तर हा पुरावा कधीच फारसा भक्कम नव्हता. मोठी भावंडं, आईवडील, तयार उत्तरांची पुस्तकं, मित्राची वही, हे सगळं पूर्वीपासून होतंच. पण तेव्हा उतरवून काढायलाही थोडा वेळ लागायचा आणि उतरवताना कधी एखादी गोष्ट डोक्यात शिरायची. आता तेही उरलं नाही. म्हणून घरी केलेल्या कामाला गुण देणं बंद करा. अर्धे गुण नाहीत, पाच टक्के नाहीत, काहीच नाहीत. घरी सराव होऊ द्या आणि पुरावा वर्गात गोळा करा. गृहपाठाला गुण असले की मूल उत्तर चांगलं दिसावं यासाठी धडपडतं. गुण गेले की निदान तिथे चुकायला त्याला भीती उरत नाही.

यावर हमखास विचारलं जातं, गुण नसतील तर मुलं गृहपाठ करतील का? काही करणार नाहीत. पण आज जी 'करतात' त्यातली किती खरोखर करतात, हे तुम्हीच लिहिलं आहे. त्यापेक्षा गृहपाठ आणि दुसऱ्या दिवशीचा तास एकमेकांना बांधून टाका. तास सुरू होताच फळ्यावर तीन प्रश्न लिहा. एक कालच्या गृहपाठातला, आकडे किंवा संदर्भ बदलून. दुसरा गेल्या आठवड्यातला. तिसरा महिनाभरापूर्वीचा. पाच मिनिटं, वही बंद, मोबाइल दप्तरात, उत्तरं सुट्या कागदावर. मग लगेच उत्तरं सांगा आणि ज्याची त्यानं तपासायची. गुणांची नोंद नाही, क्रमांक नाहीत. काल घरी ज्यानं स्वतः गणित सोडवलं त्याला पहिला प्रश्न सुटतो, ज्यानं फोनला विचारून उतरवलं त्याला सुटत नाही. हा फरक तुम्ही बोलून दाखवण्याची गरज पडत नाही, तो त्याचा त्याला कळतो.

या पाच मिनिटांचा फायदा गृहपाठापुरता नाही. आठवून लिहिणं हीच शिकण्याची फार प्रभावी रीत आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मी नव्या शिक्षकांना नेहमी सांगते. विद्यार्थ्यांनी एक उतारा अभ्यासला. एका गटानं तो पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटानं एकदा वाचण्याच्या सत्रानंतर, न बघता, आठवेल ते पुन्हा पुन्हा लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, साधारण ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानं घेतली तेव्हा वाचणारे ४० टक्क्यांवर घसरले आणि आठवून लिहिणारे ६१ वर होते. शिवाय पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच आपल्याला हे चांगलं लक्षात राहील असं जास्त वाटत होतं. मुलांना हा प्रयोग आकड्यांसकट सांगा. 'अभ्यास करा' या सूचनेपेक्षा तो त्यांना लवकर पटतो, कारण पुस्तक डोळ्यांखालून गेलं की 'आलं मला' असं वाटणं आणि परीक्षेत काहीच न आठवणं, हा अनुभव प्रत्येकाला आहे.

आता ऑनलाइन चाचण्या. त्यांच्यावर माझा राग नाही. चार पर्यायांचे वीस प्रश्न असतील तर डोळे मिटून टिचक्या मारणाऱ्यालाही सरासरी पाच बरोबर येतात, पण त्याहून मोठा दोष प्रश्नांतच असतो. बहुपर्यायी प्रश्न काढताना आपण सगळी मेहनत बरोबर उत्तरावर घेतो आणि उरलेले तीन पर्याय कसेबसे भरतो. खरं तर माहिती मिळते ती चुकीच्या पर्यायांतून.

दशांश अपूर्णांकांचं उदाहरण घ्या. प्रश्न असा: ०.८, ०.३५ आणि ०.४७२ यांतली सर्वांत मोठी संख्या कोणती? ज्या मुलाला वाटतं की जास्त अंकांची संख्या मोठी, तो ०.४७२ निवडतो, कारण त्याच्या डोक्यात ४७२, ३५ आणि ८ यांचीच तुलना चालू असते. हा घोळ बहुतेक शिक्षकांना माहीत असतो. पण त्याच्या उलटही एक समज असते. काही मुलांना वाटतं की दशांशापेक्षा सहस्रांश लहान, म्हणून ज्या संख्येत सहस्रांशापर्यंत अंक आहेत ती लहानच असणार आणि कमी अंकांची ती मोठी. हे मूल ०.८ निवडतं. उत्तर बरोबर, विचार साफ चुकीचा. ॲप हिरवी खूण दाखवतं, गुण मिळतो, पालकांना निरोप जातो, आणि ती गैरसमजूत मूल पुढच्या वर्गात घेऊन जातं.

आता त्याच प्रश्नात ०.३, ०.५२ आणि ०.४१७ या संख्या घाला. 'लांब ती मोठी' समजणारा ०.४१७ घेईल, 'आखूड ती मोठी' समजणारी ०.३ घेईल आणि स्थानिक किंमत ज्याला कळली आहे तो ०.५२ घेईल. प्रश्न तोच, संख्या बदलल्या, आणि एका टिचकीत वर्गाचे तीन गट डोळ्यांसमोर आले. असा एकच प्रश्न तासाच्या मध्यावर विचारा. बोटांनी उत्तर दाखवायला सांगा: पहिल्या पर्यायाला एक बोट, दुसऱ्याला दोन, सगळ्यांनी एकदम. इंटरनेट लागत नाही. निम्म्याहून जास्त बोटं चुकली तर पुढचा भाग थांबवा. मोजकीच चुकली तर त्या मुलांजवळ जाऊन बसा, बाकीच्यांना उदाहरणं द्या. शिकवता शिकवता असा अंदाज घेत राहिल्यानं मुलांचं शिकणं किती सुधारतं, यावर पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी १९९८ मध्ये सुमारे अडीचशे अभ्यासांचा आढावा घेतला होता आणि त्यांचा निष्कर्ष ठामपणे या बाजूनं होता. आकारिक मूल्यमापन म्हणून आपण जे तक्ते भरतो त्यांच्यामागची मूळ कल्पना ही आहे. तक्ते भरण्यात वेळ गेला आणि बोटं दाखवायला लावायची राहिली, तर हाती काहीच लागत नाही.

गुणांबद्दल थोडं सविस्तर बोलावं लागेल, कारण पालकांचे फोन त्यांच्यापायी येतात. ६८ गुण म्हटलं की वजनकाट्यावर मोजून दिल्यासारखे वाटतात. डॅनिएल स्टार्च आणि एडवर्ड एलियट यांनी १९१२ साली अमेरिकेत इंग्रजीच्या त्याच दोन उत्तरपत्रिका बऱ्याच शाळांमधल्या शिक्षकांकडे तपासायला पाठवल्या. १४२ शिक्षकांनी तपासून परत केल्या. त्यातल्या एका उत्तरपत्रिकेला कुणी शंभरापैकी ५० दिले, कुणी ९५ च्याही पुढे. भाषेत असं होणारच, असं लोक म्हणाले, म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली. तिथे फरक आणखी वाढला: २८ पासून ९० च्या पुढेपर्यंत. कुणी नुसतं अंतिम उत्तर पाहिलं, कुणी पायऱ्यांना गुण दिले, कुणी टापटिपीचे कापले. गुणदान योजना ठरवून, दोघांनी मिळून काही पेपर आधी तपासून हा फरक पुष्कळ कमी करता येतो, आणि मोठ्या परीक्षांत तसं करतातही. पण तुमच्या घटक चाचणीत ६८ आणि ७१ मधल्या तीन गुणांवरून एकाला हुशार आणि दुसऱ्याला मागे पडलेला ठरवण्याइतकी ती मोजणी बारीक नाही. हे पालकांना सभेत स्पष्ट सांगा.

मुलांवर त्या आकड्याचा काय परिणाम होतो, हे रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात नीट दिसतं. पाचवी-सहावीच्या मुलांचे तीन गट होते. एका गटाला फक्त गुण दिले, दुसऱ्याला फक्त शेरा, तिसऱ्याला दोन्ही. पुढच्या कामात शेरा मिळालेली मुलं सुधारली आणि त्यांची गोडीही टिकली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेली मुलं फक्त गुण मिळालेल्यांपेक्षा फारशी वेगळी निघाली नाहीत. आकडा दिसला की शेरा वाचला जात नाही. वह्या वाटल्यावर मुलं काय करतात ते आठवा: आधी गुण, मग शेजाऱ्याचे गुण, मग वही बंद. तुम्ही रात्री जागून लाल शाईनं लिहिलेलं कुणी वाचलेलंच नसतं.

आता त्यात ॲपची भर पडली आहे. मूल घरी पोचण्याआधी आकडा पोचतो. मुलाला स्वतःला आपली चूक कळायच्या आत घरात त्याच्यावर बोलणं सुरू झालेलं असतं. मला हे फार खटकतं. चूक सगळ्यात आधी त्या मुलाला पाहायला मिळाली पाहिजे, तिच्यावर काम करायला निदान एक दिवस मिळाला पाहिजे आणि मगच ती इतरांसमोर जावी. म्हणून क्रम बदला. तपासलेला कागद गुणांशिवाय परत द्या. प्रत्येकानं आपल्या दोन चुका शोधून त्या दुरुस्त करायच्या आणि का चुकलं ते एका ओळीत लिहायचं. हे झाल्यावर गुण सांगा आणि नंतर ॲपवर चढवा.

शेरा कसा लिहावा, यावर एकच गोष्ट सांगते. क्लूगर आणि डिनिसी यांनी १९९६ मध्ये प्रतिसादाच्या परिणामांची शेकडो निरीक्षणं एकत्र तपासली, तेव्हा तिसऱ्या हिश्शाहून जास्त ठिकाणी प्रतिसाद दिल्यानंतर कामगिरी घसरलेली दिसली. प्रतिसाद कामाकडून माणसाकडे वळला की तो अपाय करू लागतो, अशी त्यांची मांडणी होती. 'हुशार आहेस', 'लक्ष नाही तुझं' हे दोन्ही शेरे मुलाबद्दलचे आहेत. 'तिसऱ्या पायरीत कंस सोडवताना ऋण चिन्ह फक्त पहिल्या पदाला लावलंस, दुसरं पद पुन्हा बघ' हा शेरा कामाबद्दलचा आहे आणि तो वाचून लगेच काहीतरी करता येतं. करण्यासारखं काही सुचवणार नसाल तर शेरा लिहूच नका.

निबंधवजा उत्तरं यंत्राकडून तपासून घ्यावीत का, असं सहकारी विचारतात, असंही तुम्ही लिहिलंय. ही कल्पना नवी नाही. एलिस पेज यांनी १९६० च्या दशकातच संगणकाकडून निबंधांना गुण देण्याचं काम सुरू केलं होतं. ती यंत्रणा निबंधाची लांबी, शब्दांची लांबी, विरामचिन्हं अशा बाहेरून मोजता येणाऱ्या गोष्टींवरून माणसानं दिले असते तसे गुण ताडत असे आणि आकडे बऱ्यापैकी जुळायचेही. पण जुळणं म्हणजे समजणं नव्हे. एमआयटीमध्ये शिकवलेले लेस पेरेलमन यांनी २०१४ च्या सुमारास विद्यार्थ्यांच्या मदतीनं अर्थहीन पण भारदस्त वाक्यं जुळवणारा एक प्रोग्रॅम बनवला आणि त्यातून निघालेल्या निबंधांना स्वयंचलित तपासणीत वरचे गुण मिळवून दाखवले. आजची यंत्रं त्याहून पुष्कळ पुढे आहेत, व्याकरण आणि मांडणीबद्दल कामाच्या सूचना देतात, आणि मूल घरी मसुदा सुधारताना त्या वापरत असेल तर माझी हरकत नाही. निर्णय मात्र यंत्रावर सोडू नका. इंग्लंडमध्ये २०२० साली साथीमुळे परीक्षा रद्द झाल्या आणि परीक्षांवर देखरेख करणाऱ्या ऑफक्वाल या संस्थेनं श्रेणी ठरवायला एक सूत्र लावलं. त्यात शाळेच्या मागच्या निकालांना मोठं वजन होतं. शिक्षकांनी कळवलेल्या अंदाजापेक्षा सुमारे ४० टक्के श्रेणी खाली आल्या. आपल्या शाळेत याआधी कुणाला एवढे गुण पडले नव्हते, म्हणून हुशार मुलं खाली ओढली गेली. मुलं रस्त्यावर उतरली आणि काही दिवसांतच ते निकाल मागे घ्यावे लागले. त्या मुलांनी 'मला ही श्रेणी का?' असं विचारलं, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या कामाकडे बोट दाखवून उत्तर देता येत नव्हतं. तुम्ही दिलेल्या प्रत्येक गुणाबद्दल मुलानं असं विचारलं, तर तुम्हाला त्याचीच उत्तरपत्रिका उघडून दाखवता आली पाहिजे.

तुमच्या स्वतःच्या कामात एआय जरूर वापरा. एका प्रश्नाचे पाच वेगळे आकडे घातलेले नमुने, चुकीच्या पर्यायांचा पहिला मसुदा, अवघड उताऱ्याचं सोपं रूप, हे ते झटकन देतं. प्रत्येक उत्तर स्वतः सोडवून पाहा, ठामपणे चुकायची त्याला सवय आहे. आणि मुलांची नावं, गुण, घरची परिस्थिती त्यात टाइप करू नका.

वर्गात लिहून घेणं आणि तोंडी विचारणं यातही अन्याय होऊ शकतो, तिकडे लक्ष ठेवा. हळू लिहिणारं मूल असतं, बोलताना अडखळणारं असतं, चारचौघांत तोंड न उघडणारं असतं. म्हणून पुरावा एकाच वाटेनं गोळा करू नका. तोंडी परीक्षा म्हणजे सगळ्यांसमोर उभं करणं नव्हे. बाकी वर्ग उदाहरणं सोडवत असताना एकेकाच्या बाकाजवळ बसून दोन मिनिटं बोलायचं. एका तासाला चार-पाच मुलं झाली तरी पन्नासच्या वर्गात दोन-अडीच आठवड्यांत सगळी होतात. ज्याला बोलायला जमत नाही त्याला आकृती काढून बाण दाखवू द्या. भरती-ओहोटीचं अख्खं उत्तर तीन आकृत्यांत देता येतं, आणि ती आकृती पाहून तुम्हाला परिच्छेदापेक्षा जास्त कळतं. बोलून झाल्यावर वहीत एकच ओळ टिपून ठेवा, तारखेसकट. सत्राच्या शेवटी प्रगतीबद्दल लिहायला बसाल तेव्हा या ओळी तुमच्या कामी येतील.

राहिल्या तुमच्या रात्री. पन्नास वह्या, प्रत्येकीला चार मिनिटं म्हटली तरी सव्वातीन तासांच्या वर वेळ जातो, आणि चाळिसाव्या वहीपर्यंत डोळे आणि न्यायबुद्धी दोन्ही थकतात. शेवटच्या दहा मुलांना मिळणारी तपासणी पहिल्या दहांसारखी नसते. त्यामुळे झोपेइतकाच हा न्यायाचाही प्रश्न आहे. प्रत्येक वहीवर लिहिणं सोडा. आठवड्यातून एकच काम गोळा करा, वर्गात लिहिलेलं. पेन बाजूला ठेवून नुसतं वाचत जा आणि तीन गठ्ठे करा: समजलंय, अर्धवट समजलंय, मुळातच वेगळं काहीतरी समजलंय. शेजारी एक कोरा कागद घ्या. दिसलेल्या चुका त्यावर टिपा, पुन्हा दिसली की पुढे रेघ मारा. पन्नास कागद असे वाचायला तासापेक्षा फार जास्त वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांत जास्त रेघा पडलेल्या दोन चुका नाव न घेता फळ्यावर मांडा आणि वर्गाकडून दुरुस्त करून घ्या. तिसऱ्या गठ्ठ्यातल्या मुलांकडे जाऊन बसा. त्यांच्या वहीत काही लिहायचं असेल तर त्या वेळी, त्यांच्या देखत, बोलत बोलत लिहा. वर्षातून दोन-तीन मोठ्या कामांवर सविस्तर लिहिलंत तर पुरे, कारण ती कामं मुलं पुन्हा लिहून सुधारणार असतात. जे पुन्हा लिहिलं जाणारच नाही त्यावर शाई खर्चू नका.

हे सगळं एकदम सुरू करू नका. पहिला महिना फक्त तासाच्या सुरुवातीचे तीन प्रश्न आणि तीन गठ्ठे एवढंच करा. ते अंगवळणी पडलं की गृहपाठाचे गुण काढून टाका आणि त्याच वेळी बाकाजवळच्या गप्पा सुरू करा. ॲपवर गुण उशिरा टाकायचं ठरवाल तेव्हा मुख्याध्यापकांशी आधी बोलून घ्या आणि पालकांना सत्राच्या सुरुवातीलाच लेखी कळवा, कारण 'आज गुण का नाही आले' असे फोन पहिल्या आठवड्यात कार्यालयातच वाजणार आहेत.